कोरोनात बसलेला धंदा आणि सरकारी मदत: कोल्हापुरातल्या छोट्या व्यावसायिकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाद्वार रोडवर ओटीचं साहित्य विकणाऱ्या मावशी, शाहूपुरीतले कुंभार, राजारामपुरीतली सलून, उद्यमनगरातली दोन लेथची शेडं, रंकाळ्यावरच्या भेळेच्या गाड्या. कोरोनाला इतकी वर्षं झाली तरी या लोकांचे प्रश्न संपलेले नाहीत. कुणाचं कर्ज अजून फिटायचंय, कुणाला तेव्हा काय मिळायला हवं होतं हेच आता कळतंय. कागदपत्रांच्या कामात नेहमी कानावर येणारे प्रश्न इथे उत्तरांसह दिले आहेत. हे कोणत्याही कार्यालयाचं पत्रक नाही. योजनांच्या रकमा आणि मुदती बदलत असतात, म्हणून अर्ज भरायच्या दिवशी संबंधित खिडकीवर एकदा खात्री करून घ्या.

लॉकडाऊनमध्ये दुकान बंद ठेवायला लावलं. त्या दिवसांची भरपाई महापालिका देते का?

नाही. दुकान जितके दिवस बंद राहिलं तितक्या दिवसांचे पैसे देणारी योजना केंद्रानं आणली नाही, राज्यानंही आणली नाही. महापालिकेच्या तिजोरीकडे पाहून तर ती अपेक्षा धरताच येत नाही. जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला आणि 2017 पासून जीएसटी आला. आता महापालिकेचा मोठा आधार म्हणजे राज्याकडून येणारा जीएसटी भरपाईचा हप्ता. बाकी घरफाळा, पाणीपट्टी आणि बांधकाम परवानग्यांचं शुल्क. त्यात नोव्हेंबर 2020 मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि पुढे अनेक वर्षं प्रशासकच कारभार पाहत होते. म्हणजे ज्या काळात मदतीचा ठराव मांडायला आपला नगरसेवक हवा होता, त्या काळात नगरसेवकच नव्हता.

तरीही महापालिकेला वगळून चालत नाही. पैसा केंद्राचा किंवा राज्याचा असतो, पण तुम्ही खरंच इथे धंदा करता हे लिहून देणारा कागद बहुतेक वेळा महापालिकेतूनच निघतो. पुढची बरीच उत्तरं या एका कागदाभोवती आहेत.

मग महापुरात दुकानदारांना पैसे कसे मिळाले? तेव्हा मिळतात आणि कोरोनात नाहीत, असं का?

हा प्रश्न रास्त आहे आणि त्यातली चीड तर त्याहून रास्त आहे. जुलै 2021 च्या महापुरानंतर राज्यानं नुकसानीच्या 75 टक्के, पण दुकानदाराला जास्तीत जास्त 50 हजार आणि टपरीधारकाला जास्तीत जास्त 10 हजार रुपये अशी मदत जाहीर केली. 2019 च्या पुरातही छोट्या व्यावसायिकांना 75 टक्के आणि कमाल 50 हजार हेच सूत्र होतं. पुराचं पाणी कुठवर चढलं ते भिंतीवर दिसतं. भिजलेला माल दिसतो, फोटो काढता येतो, पंचनामा होतो. पंचनामा झाला की सरकारच्या हिशेबात नुकसान 'झालं'.

कोरोनात दुकानातला माल जागेवरच होता. गिऱ्हाईक नव्हतं, भाडं चालू होतं, कामगाराला पगार द्यायचा होता. या नुकसानीचा पंचनामा करायची पद्धतच आपल्याकडे नाही. अंबाबाईचं मंदिर 2020 मध्ये मार्चपासून दिवाळी पाडव्यापर्यंत, म्हणजे 16 नोव्हेंबरपर्यंत बंद होतं. 2021 च्या दुसऱ्या लाटेत ते पुन्हा बंद झालं आणि 7 ऑक्टोबरला, घटस्थापनेला उघडलं. जोतिबाची चैत्र यात्रा दोन वर्षं झाली नाही. या यात्रांवर वर्ष काढणाऱ्या नारळ, गुलाल, पेढेवाल्यांचं किती गेलं याची नोंद कोणत्याही तलाठ्याच्या वहीत नाही. बंदीमुळे बुडालेल्या धंद्याचाही पंचनामा व्हायला हवा, अशी मागणी व्यापाऱ्यांनी लावून धरली पाहिजे, असं आमचं स्पष्ट मत आहे. तोवर मात्र तुमच्या विक्रीच्या वह्या, जीएसटी विवरणपत्रं, बँकेचा उतारा आणि क्यूआर कोडवर जमा झालेल्या पैशांची नोंद हाच तुमचा पंचनामा. तो जपून ठेवा.

कोरोनात थेट खात्यावर पैसे कुणाला मिळाले?

13 एप्रिल 2021 ला राज्य सरकारनं निर्बंधांबरोबर 5,476 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात नोंदणीकृत फेरीवाले, परवानाधारक रिक्षाचालक, नोंदणीकृत बांधकाम कामगार आणि घरेलू कामगार यांना प्रत्येकी 1,500 रुपये होते. दुकानदार त्यात नव्हते. सलूनवाले नव्हते, खानावळवाले नव्हते. आणि 'नोंदणीकृत' या एका अटीनं कितीतरी खऱ्या गरजू लोकांना बाहेर ठेवलं.

वीस वर्षं एकाच कोपऱ्यावर भाजी विकते, तरी माझं नाव यादीत नव्हतं. ते पैसे आता मिळतील का?

ते 1,500 रुपये आता मिळणार नाहीत. त्यासाठी कुणी अर्ज भरून घेत असेल तर पैसे देऊ नका. पण नाव यादीत आणायचं काम आजही तितकंच गरजेचं आहे. पथविक्रेता अधिनियम 2014 प्रमाणे शहरात फेरीवाल्यांचं सर्वेक्षण होतं, नगर पथविक्रेता समिती असते आणि पात्र विक्रेत्याला विक्री प्रमाणपत्र मिळतं. सर्वेक्षणात तुम्ही सुटला असाल तर महापालिकेकडून शिफारसपत्र मागता येतं. त्यासाठी जुन्या पावत्या, संघटनेचं ओळखपत्र, पूर्वी घेतलेल्या कर्जाचा कागद असं जे काही हाताशी आहे ते जोडायचं.

वडणगे, निगवे अशा गावांतून रोज शहरात येऊन भाजी विकणाऱ्या बायकांना वाटतं की आपण शहराच्या नाही, म्हणून आपल्याला काही नाही. तसं नाही. आसपासच्या गावातून येऊन शहराच्या हद्दीत विक्री करणाऱ्यांनाही पीएम स्वनिधीत, म्हणजे फेरीवाल्यांसाठीच्या केंद्राच्या कर्ज योजनेत घेता येतं. शिफारसपत्र मात्र लागतं.

पीएम स्वनिधी हे अनुदान आहे की कर्ज?

कर्ज. हे पहिल्याच वाक्यात सांगायला हवं, कारण 'मोदींनी दहा हजार दिले' असं समजून अनेकांनी ते फेडलंच नाही आणि पुढची दारं बंद करून घेतली. योजना 1 जून 2020 ला आली. तेव्हा पहिल्या टप्प्यात 10 हजार, ते फेडल्यावर 20 हजार आणि मग 50 हजार असं कर्ज मिळत होतं. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्रानं योजना 31 मार्च 2030 पर्यंत वाढवली आणि रकमा 15 हजार, 25 हजार आणि 50 हजार अशा केल्या. तारण लागत नाही. हप्ते वेळेवर गेले तर 7 टक्के व्याज सरकार भरतं. गिऱ्हाइकाकडून फोनवर पैसे घेतले तर त्यावर थोडी रोख सवलतही मिळते. दुसरा टप्पा वेळेवर फेडणाऱ्याला यूपीआयला जोडलेलं रुपे क्रेडिट कार्ड देण्याची सोयही आता आहे.

अर्ज ऑनलाइन होतो. जमत नसेल तर महापालिकेच्या नागरी उपजीविका अभियानाच्या कक्षात जा, तिथे अर्ज भरून मिळावा अशी सोय आहे.

पहिले दहा हजार थकले आहेत. दुसरं कर्ज मिळेल?

आधी पहिलं मिटवा. बँकेत जाऊन आजअखेरची नेमकी बाकी लेखी घ्या. ती पुष्कळदा तुम्ही मनात धरलेल्या आकड्यापेक्षा कमी निघते. फेडल्यावर कर्ज संपल्याचा दाखला घ्यायला विसरू नका, पुढच्या टप्प्याला तोच लागतो.

आम्ही शाहूपुरीतले कुंभार. 2020 ला मूर्ती चार फुटांच्या वर नको म्हणाले, 2021 ला पुन्हा तेच, आणि त्याच जुलैत कारखान्यात पाणी शिरलं. आमच्यासाठी काही आहे का?

तुमच्यावर बसलेला मार दुहेरी होता. ते इथे नोंदवून ठेवणं आम्हाला गरजेचं वाटतं, कारण दोन्ही नुकसानींतलं फक्त पाण्याचं नुकसान मोजलं गेलं. सार्वजनिक मंडळांना चार फूट आणि घरगुती मूर्तीला दोन फूट ही मर्यादा आली तेव्हा मोठ्या मूर्तींचे साचे, शाडू, प्लास्टर आणि आगाऊ घेतलेल्या पैशांचा हिशेब सगळाच अडकला. त्यासाठी वेगळी भरपाई नाही.

आज उपयोगी पडेल अशी योजना म्हणजे पीएम विश्वकर्मा. ती 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झाली आणि तिच्यात 18 पारंपरिक व्यवसाय आहेत. कुंभार, चर्मकार, सोनार, लोहार, सुतार, शिंपी, न्हावी, परीट, हार-फुलांचं काम करणारे हे सगळे त्यात येतात. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला 500 रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी 15 हजारांचं ई-व्हाउचर, आणि 5 टक्के व्याजानं आधी 1 लाख व ते फेडल्यावर 2 लाख कर्ज. पहिल्या कर्जाची मुदत 18 महिने, दुसऱ्याची 30. यातलं विद्यावेतन आणि व्हाउचर परत करायचं नसतं. या योजनेत कारागिराच्या हातात खऱ्या अर्थानं अनुदान म्हणून पडणारं एवढंच.

अट अशी की एका कुटुंबातून एकालाच लाभ. नवरा-बायको दोघं काम करत असाल तर कुणाच्या नावानं अर्ज करायचा ते घरी बसून ठरवा. गेल्या पाच वर्षांत मुद्रा (छोट्या धंद्यांसाठीची केंद्राची कर्ज योजना) किंवा स्वनिधीचं कर्ज घेतलं असेल आणि ते पूर्ण फेडलं असेल तर अडचण नाही. नोंदणी सामायिक सेवा केंद्रात होते. पहिली पडताळणी गावात ग्रामपंचायत आणि शहरात महापालिका करते. अर्ज अडकला असेल तर बहुतेक इथेच अडकलेला असतो, तेव्हा दिल्लीला फोन करण्याआधी इथे विचारा.

चप्पल लाईनवरच्या भावांनी एक लक्षात घ्यावं. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण विश्वकर्मा योजना ही हातानं काम करणाऱ्या कारागिरासाठी आहे. नुसतं दुकान चालवणारा त्यात बसत नाही. तुमच्यासाठी चप्पल शिवणारा कारागीर मात्र बसतो, आणि त्याचा अर्ज भरायला तुम्ही मदत केलीत तर फार मोठं काम होईल.

गुऱ्हाळ आहे. किंवा बचत गटाचा मसाला आणि चटणीचा धंदा आहे. अनुदान किती?

सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची केंद्राची योजना 2020 मध्ये, कोरोनातच आली. तिच्यात प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये अनुदान आहे. आपल्या जिल्ह्यासाठी गूळ हे ठरलेलं उत्पादन, पण मसाला, पापड, लोणचं करणारे चालू उद्योगही अर्ज करू शकतात. बचत गटाच्या सदस्याला खेळतं भांडवल आणि छोट्या अवजारांसाठी 40 हजारांपर्यंत बीज भांडवल मिळण्याची सोय आहे. ही योजना महापालिकेकडे नाही, कृषी विभागाकडे आहे. मुदत 2025-26 या आर्थिक वर्षापर्यंत वाढवली होती. तेव्हा यंत्राची ऑर्डर देण्याआधी जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात चौकशी करा. आधी यंत्र घेतलं आणि मग अर्ज केला, तर अनुदान हातचं जातं.

जुना धंदा कोरोनात बंद पडला. नवा सुरू करायचा आहे.

मग जिल्हा उद्योग केंद्रात जा. तिथे दोन योजना आहेत: केंद्राची पीएमईजीपी (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम) आणि राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम. दोन्हींत अनुदान 15 ते 35 टक्के, आणि दोन्ही नव्या उद्योगासाठी. जुन्या दुकानाला रंग देऊन पुन्हा उघडलं, हे त्यात बसत नाही.

पीएमईजीपीत उत्पादन उद्योगाला 50 लाख आणि सेवा उद्योगाला 20 लाखांपर्यंतचा प्रकल्प चालतो. शहरात खुल्या प्रवर्गाला 15 टक्के, ग्रामीण भागात 25. महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, अपंग यांना शहरात 25 आणि ग्रामीण भागात 35. महसुली दप्तरी जे गाव आहे ते ग्रामीण धरलं जातं, लोकसंख्या कितीही असो. म्हणून शहराला अगदी चिकटलेल्या, पण हद्दीबाहेरच्या उचगाव किंवा पाचगावात शेड घेतलं तर अनुदानात दहा टक्क्यांचा फरक पडतो. भाडेकरार करण्याआधी हे गणित मांडा.

अनुदान तुमच्या हातात येत नाही. ते बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून राहतं आणि उद्योग चालू आहे हे तपासून मग कर्जात वळतं होतं. तेवढ्या रकमेवर बँक व्याज लावत नाही.

मराठा समाजातल्या तरुणांसाठी अण्णासाहेब पाटील महामंडळाची व्याज परतावा योजना वेगळी आहे. हप्ता भरल्यावर त्यातलं व्याज खात्यावर परत येतं, म्हणून हप्ता चुकला की परतावाही थांबतो.

कोरोनात बँकेनं हप्ते थांबवले होते, तरी माझा सिबिल स्कोअर (कर्जफेडीच्या नोंदीवरून मिळणारे गुण) पडला. का?

रिझर्व्ह बँकेची सवलत 1 मार्च ते 31 ऑगस्ट 2020 एवढीच होती. त्या सहा महिन्यांचे थांबवलेले हप्ते थकबाकी म्हणून दाखवता येत नाहीत. सप्टेंबर 2020 पासून पुढचे चुकले असतील तर मात्र ते दाखवले जातात. पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो काढा आणि महिन्यागणिक तपासा. चूक दिसली तर लेखी तक्रार करा. 30 दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

पतसंस्थेचं कर्ज असेल तर गोष्ट वेगळी. पतसंस्था सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात, रिझर्व्ह बँकेच्या नाही. म्हणून ती सवलत त्यांना बंधनकारक नव्हती. कोल्हापुरातले कितीतरी छोटे व्यापारी पिग्मी आणि पतसंस्थेवरच चालतात, आणि नेमके तेच या सवलतीबाहेर राहिले. अशा थकबाकीसाठी एकरकमी परतफेडीचा लेखी अर्ज संचालक मंडळाकडे द्या. तोंडी आश्वासनावर विसंबू नका.

तेव्हाचं तारणाशिवायचं वाढीव कर्ज अजून मिळतं का?

आपत्कालीन कर्ज हमी योजना मार्च 2023 अखेर संपली. 29 फेब्रुवारी 2020 च्या बाकीवर 20 टक्के जादा कर्ज, असं तिचं मूळ रूप होतं. हमी सरकारनं बँकेला दिली होती, तुम्हाला नाही. ते कर्ज फेडायचंच असतं.

घरफाळा आणि महापालिकेच्या गाळ्याचं भाडं थकलंय.

घरफाळ्याच्या थकबाकीवर कायद्यानं महिन्याला 2 टक्के दंडव्याज चढतं. महापालिका मधूनमधून या दंडात सवलत जाहीर करते. ती दंडावर असते, मूळ रकमेवर नाही. सवलत लागू आहे का ते विभागीय कार्यालयात विचारा, आणि तोवर निदान मूळ रकमेतलं जमेल तेवढं भरा. गाळ्याच्या भाड्यात सूट हवी असेल तर एकट्यानं अर्ज करून फारसं होत नाही. मार्केटमधल्या सगळ्यांनी मिळून, बंद राहिलेल्या तारखांसह, इस्टेट विभागाला निवेदन द्यावं आणि आवक क्रमांक घ्यावा.

नवरा कोरोनात गेला. दुकान, कर्ज, सगळं त्यांच्या नावावर होतं. आता मी चालवते.

ताई, आधी त्यांचं जुनं पासबुक शोधा. 2020 किंवा 2021 च्या मे-जूनच्या सुमारास 330 रुपये कापले गेलेले दिसले, तर तो पंतप्रधान जीवन ज्योती विम्याचा हप्ता आहे. त्यात कोरोनानं झालेल्या मृत्यूलाही 2 लाख रुपये होते. कितीतरी घरांत हे माहीतच नव्हतं. बँकेत लेखी दावा द्या. उशीर झाला म्हणून परत पाठवलं तर नकारही लेखीच मागा. दुसरं, वारसाला 50 हजारांचं सानुग्रह सहाय्य होतं. तेव्हा केलेला अर्ज नाकारला गेला असेल, तर तो क्रमांक घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात त्याची स्थिती विचारा.

एकट्याच्या मालकीचा धंदा वारसाच्या नावावर आपोआप चढत नाही. शॉप ॲक्टची (दुकाने व आस्थापना कायद्याची) सूचना आणि उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची केंद्राकडची नोंदणी) तुमच्या नावानं नव्यानं करा. जीएसटी असेल तर नवा क्रमांक घ्या, जुन्या खात्यावर शिल्लक असलेलं कराचं क्रेडिट तुमच्याकडे वळवता येतं. त्यांच्या कर्जासाठी तुम्ही जामीन किंवा सहकर्जदार नसाल, तर तुमची जबाबदारी त्यांच्याकडून आलेल्या मालमत्तेपुरतीच राहते. कुणी दारात येऊन दमदाटी केली म्हणून कोऱ्या कागदावर सही करू नका.

पुन्हा असं संकट आलं तर यादीत नाव असावं म्हणून आत्ता काय करून ठेवायचं?

तीन कागद. उद्यम नोंदणी: आधारवर होते आणि पूर्ण फुकट आहे. जुलै 2021 पासून किरकोळ आणि घाऊक व्यापारीही ती करू शकतात. शॉप ॲक्ट: वीसपेक्षा कमी कामगार असतील तर नुसती ऑनलाइन सूचना पुरते. आणि खाण्याचा धंदा असेल तर अन्न सुरक्षा नोंदणी. ती गाडीवाल्यालाही लागू आहे. शिवाय बँक खातं आधारला जोडलेलं हवं आणि सगळ्या कागदांवर नाव एकसारखं हवं. आधारवर 'बाळासो' आणि पासबुकवर 'बाळासाहेब' एवढ्यावरून पैसे परत गेलेले आहेत.

एजंट म्हणतो दोन हजार द्या, मंजूर करून आणतो.

देऊ नका. वर सांगितलेल्या कोणत्याही योजनेत मंजुरीसाठी मध्यस्थाला पैसे द्यायचे नसतात. सेवा केंद्रात फॉर्म भरायचं ठरलेलं शुल्क असेल तर पावती घ्या. फोनवर आलेला ओटीपी कुणालाही सांगू नका. पैसे गेलेच तर त्याच तासाला 1930 वर फोन करा.

अर्ज देऊन महिने झाले. कुणी उत्तरच देत नाही.

आधी लेखी स्मरणपत्र द्या आणि पोच घ्या. तरी शांतता असेल तर माहिती अधिकारात 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून एवढंच विचारा: माझा अर्ज आज कोणत्या टेबलावर आहे, कोणत्या तारखेपासून आहे, आणि तो कुणी निकाली काढायचा आहे. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ते आलं नाही तर त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करा. अडकवणारी बँक असेल तर आधी बँकेकडेच लेखी तक्रार, आणि 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. तिथे तक्रारीला पैसे लागत नाहीत आणि वकीलही लागत नाही. पतसंस्थेची तक्रार तिथे चालत नाही, ती सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे द्यायची.